आधी तपासणी, मग फी
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. खाडीकाठच्या एका गावात तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. आपल्या चिटणीस साहेबांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लोक मला औषधाखेरीज जे प्रश्न विचारतात, त्यांचीच उत्तरे देतो." आपल्या भागातील घराघरांतून कोणी जहाजावर आहे, कोणी आखातात आहे, कोणी तिकडे जाण्याच्या तयारीत आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला शरीराच्या तपासणीचा, दुसरा अमली पदार्थांच्या तपासणीचा आणि तिसरा शिक्षणाच्या पडताळणीचा. या तीन दरवाजांवरून कितीतरी मुले परत आलेली मी पाहिली आहेत. त्यांतली पुष्कळशी वेळेवर माहिती मिळाली असती तर परत आली नसती, किंवा निदान कर्ज काढण्याआधी परत आली असती.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगणाऱ्याने आधी आपला हिशेब द्यावा.

२००७ सालची गोष्ट. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातला एक मुलगा बारावी पास झाला. अभ्यासात हुशार, पोहण्यात तरबेज. वडील आयुष्यभर जहाजावर खलाशी होते. मुलाने अधिकारी व्हावे ही त्यांची इच्छा. एका प्रशिक्षण संस्थेत प्रवेश ठरला आणि संस्थेने सांगितले, सध्या तुमच्या डॉक्टरचे तंदुरुस्तीचे पत्र आणा, पुढची तपासणी मागाहून होईल. मुलगा माझ्याकडे आला. त्याला मी पाळण्यापासून ओळखत होतो. छाती तपासली, रक्तदाब पाहिला, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली आणि सही केली. रंग ओळखण्याची तपासणी केली नाही. ते पुस्तक माझ्याकडे नव्हते आणि घरचाच मुलगा म्हणून मला त्याची गरजही वाटली नाही.

सव्वादोन लाख रुपये फी भरली गेली. त्यासाठी आईच्या बांगड्या मोडल्या आणि उरलेले पैसे व्याजाने काढले. काही महिन्यांनी मान्यताप्राप्त डॉक्टरपुढे मुलगा उभा राहिला, तेव्हा कळले की त्याला तांबड्या आणि हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही. अधिकारी होण्याची वाट तिथेच संपली. फी परत मिळाली नाही.

त्याची आई माझ्याकडे आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमच्या सहीवर आम्ही बांगड्या मोडल्या." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. नंतर बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात सगळी भावंडे रतांबे काढायला जात. बाकीच्यांच्या टोपल्या भरत, याची अर्धीच. हिरव्या पानांत पिकलेला तांबडा रतांबा त्याला दिसतच नसे आणि सगळेजण त्याला आळशी म्हणत. निदान घरातच, झाडाखाली झाले होते, पण ओळखणारे कोणी नव्हते.

तो मुलगा वर्षभर घराबाहेर पडला नाही. पुढे बी. कॉम. झाला आणि आज एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत हिशेबाचे काम चांगले सांभाळतो. त्याचे बरे झाले. बांगड्या मात्र परत आल्या नाहीत. म्हणून आजच्या भाषणाचे सार मी आधीच सांगून टाकतो: आधी तपासणी, मग फी.

आता एकेक प्रश्न घेऊ.

पालक विचारतात, "रंग ओळखता आला नाही तर एवढे काय बिघडते? मुलाची नजर तर तीक्ष्ण आहे." समुद्रावर रात्री दुसरे जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. नुसता तांबडा दिसला तर समोरच्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे, नुसता हिरवा दिसला तर उजवी, आणि दोन्ही दिसले तर ते सरळ आपल्यावर येत आहे. ज्याला हे दोन रंग सारखेच वाटतात, त्याच्या हाती रात्रीचा पहारा कसा द्यावा? जहाजावर वीस-पंचवीस माणसांचे जीव असतात आणि त्यांनाही आयाबहिणी असतात. म्हणून ही तपासणी मुलाला अडवण्यासाठी नाही, सर्वांना वाचवण्यासाठी आहे. डेकवरच्या कामाला ही अट सर्वांत कडक असते. इंजिन व विद्युत विभागांतही रंग ओळखण्याची तपासणी होते.

ही तपासणी बहुधा ज्या पुस्तकाने करतात, ते जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. रंगीत ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो वाचावयाचा. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा सर्वांनाच दिसतो. खरी परीक्षा पुढच्या पानांवर होते. पाच मिनिटांचे काम. त्याचा खर्च फीच्या मानाने काहीच नाही.

"हा दोष औषधाने जातो का?" जन्मजात असेल तर नाही. गोळी, तेल, डोळ्यांचा व्यायाम, काहीही उपयोगी पडत नाही. रंगीत काचांचे चष्मे विकणारे असतात, पण त्यांनी डोळा बदलत नाही आणि तपासणीत ते चालत नाहीत. हा दोष मुलाकडे आईच्या बाजूने येतो. आईला स्वतःला सर्व रंग नीट दिसतात, पण तिच्या वडिलांना हा दोष असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. यात आईचा काही अपराध नाही, हे सासरच्या मंडळींनी नीट ऐकावे. मामाला किंवा नानांना रंगांचा घोटाळा होत असेल, तर मुलाची तपासणी आठवीनववीतच करून घ्या.

"काहीजण पुस्तकातले आकडे पाठ करून घेतात म्हणे?" घेतात. त्यासाठी पैसे घेणारेही आहेत. पण तपासणारा पाने उलटसुलट करतो, शंका आली तर दिव्यांच्या साहाय्याने दुसरी तपासणी करतो. शिवाय एकदा पास होऊन भागत नाही. दर्यावर्दी लोकांसाठी १९७८ साली झालेल्या आणि २०१० साली मनिला येथे मोठी दुरुस्ती झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो, वय अठराच्या आत असेल तर एकच वर्ष. रंग ओळखण्याचा दाखला जास्तीत जास्त सहा वर्षे. म्हणजे पाठांतरावर काढलेली नोकरी पुन्हा पुन्हा पाठांतर मागते आणि एक दिवस भर समुद्रात उघडी पडते. मात्र एखाद्या डॉक्टरने नाकारले म्हणजे सारे संपले असेही नाही. दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क दर्यावर्दी माणसाला आहे. तो हक्क वापरावा, एजंट वापरू नये.

जहाजावर जाणाऱ्या मुलांनी माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरच्या पत्रावर विसंबू नये. जहाजवाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे आपली दर्यावर्दी मंडळी ज्याला डी. जी. शिपिंग म्हणतात त्याने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते. प्रवेशाची पावती फाडण्यापूर्वी त्यांतल्या एकाकडे जाऊन या.

आता आखाताकडे वळू. आपल्याकडे "गामका मेडिकल" हा शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे. आता तिचे नाव नोंदवण्याची पद्धत संगणकावर गेली असून तिला वाफिद म्हणतात. देशाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण ढोबळमानाने छातीचा फोटो, रक्त, लघवी आणि संसर्गजन्य रोगांची तपासणी होते. क्षय, बी आणि सी प्रकारची कावीळ, एचआयव्ही व गरमी हे मुख्य रोग पाहिले जातात. साखर आणि रक्तदाब आटोक्यात नसतील तरीही अडचण येते. स्त्रियांची गर्भधारणेची तपासणी होते. ज्या बहिणीला दिवस गेल्याची शंका असेल तिने छातीच्या फोटोपूर्वी ते सांगावे, लाजू नये.

सर्वांत जास्त मुले छातीच्या फोटोवर अडकतात. क्षय पूर्वी होऊन गेला, औषधाने पूर्ण बरा झाला, माणूस धडधाकट आहे, तरी फुप्फुसावर जुना व्रण राहतो आणि तिकडचे नियम पुष्कळदा त्या व्रणावरही नापास करतात. यात न्याय आहे की नाही हा वेगळा प्रश्न. नियम त्यांचा आहे. आपण काय करू शकतो? खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की थुंकी तपासून घेणे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साधारण सहा महिन्यांचा औषधांचा क्रम एकही दिवस न चुकवता पुरा करणे आणि त्याचे कागद जपून ठेवणे. रोग जितका लवकर धरला जाईल तितके फुप्फुसाचे नुकसान कमी. लग्न जमणार नाही म्हणून खोकला लपवणारी घरे मी पाहिली आहेत. पुढे ती पोरे नोकरीलाही मुकली आणि तब्येतीलाही.

"एजंट म्हणतो, फोटोचे मी पाहून घेतो." त्याला विचारा, तिकडे उतरल्यावरच्या फोटोचे कोण पाहून घेईल? त्या देशात पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि तिथे नापास झालेल्याला परत पाठवतात. इथे नापास झालेला मुलगा घरी असतो. तिथे नापास झालेला कर्ज घेऊन घरी येतो.

बी प्रकारच्या काविळीबद्दल एक उपयोगी गोष्ट ध्यानात ठेवा. तिला लस आहे. मोठ्या माणसाला तीन टोचण्या, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी. लस घेतल्याने माणूस तपासणीत नापास होत नाही. पण टोचणीनंतर दोनतीन आठवडे रक्तात लसीचाच अंश सापडू शकतो आणि तपासणी चुकून रोग दाखवू शकते. म्हणून मेडिकलच्या आधीच्या महिन्यात टोचणी घेऊ नका. पुष्कळ आधीच घेऊन ठेवा.

एचआयव्हीविषयी आपण कुजबुजतो, म्हणून मी मोठ्याने बोलतो. आपल्या देशात २०१७ साली कायदा झाला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि या कारणावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. परदेश आपले नियम लावतात, तिथे आपला कायदा चालत नाही. पण तिकडे नापास झालेला मुलगा गावी परतला तर त्याच्या निकालाची चर्चा चहाच्या टपरीवर होता कामा नये. कुठल्याही रोगावर नापास झालेला माणूस निकामी ठरत नाही. त्याला उपचार द्यावा आणि दुसरे काम शोधण्यास हात द्यावा.

आता दुसरा दरवाजा, अमली पदार्थांचा. हा प्रश्न पालक फारसा विचारत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटते, आपला मुलगा त्यातला नाही. मुले मात्र मला एकटे गाठून विचारतात, "डॉक्टर, एकदाच ओढली, किती दिवस दिसते?"

उत्तर सरळ देतो. गांजा-चरस एखाद्या वेळी घेतला तरी लघवीत दोनतीन दिवस दिसू शकतो. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे दिसतो, कारण तो चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. ताक, लिंबू, व्हिनेगर, गॅलनभर पाणी यांनी तो धुतला जात नाही. लघवी फार पातळ असेल तर तपासणारा नमुना नाकारतो आणि पुन्हा घेतो. दुसऱ्याची लघवी नेणाराही सापडतो, कारण नमुन्याचे तापमान लगेच पाहतात. मुलांनो, हे मी तुम्हांला पळवाट सांगण्यासाठी सांगत नाही. पळवाट नाही, एवढेच सांगतो. जहाजावर तपासणी नोकरीपूर्वी होते, अधूनमधून अचानक होते आणि अपघातानंतर तर होतेच. दारूचे माप त्याच आंतरराष्ट्रीय कराराने ठरवले आहे, रक्तात शेकडा ०.०५ किंवा श्वासाच्या एका लिटरमध्ये ०.२५ मिलिग्रॅम. पुष्कळ कंपन्या याहूनही कडक असतात.

पण काही वेळा निर्दोष माणूसही अडकतो, तेही ऐका. पहिली तपासणी झटपट असते आणि ती कधीकधी साध्या औषधानेही चुकते. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की त्याच नमुन्याची गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या यंत्राने पक्की तपासणी व्हावयास हवी. ती मागून घ्या. नमुना तुमच्यासमोर दोन बाटल्यांत भरला जावा, तुमच्यासमोर मोहोर लागावी आणि मग तुमची सही व्हावी. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गेल्या महिन्यात घेतलेल्या सर्व औषधांची यादी आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर न्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, ते शरीरात जाऊन काही अंशी मॉर्फिन होते. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी आपल्याकडे पूर्वी सहज मिळे. एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. अशी औषधे चिठ्ठीशिवाय बॅगेत टाकून आखातात नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

आणि माझ्या बहिणींनो, खसखस! आपल्या स्वयंपाकघरात ती मसाल्यात असते, मिठाईत असते. ती अफूच्याच झाडाचे बी आहे. बिया खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिनचा अंश सापडू शकतो. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी तपासणीत १९९८ साली अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यात आली. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेण्यालाच बंदी आहे. मुलगा परत निघाला की आई प्रेमाने डबे भरते. त्या डब्यांत खसखस असता कामा नये. तपासणीला जाण्यापूर्वीच्या आठवड्यातही ती टाळावी. तसेच शेजाऱ्याचे, ओळखीच्याचे, ओळखीच्याच्या ओळखीच्याचे बंद पार्सल घेऊ नये. "नाही" म्हटल्याने नाते तुटत असेल तर ते आधीच कच्चे होते. बॅग तुमच्या नावावर, तर आतला माल तुमचा, असा कायद्याचा हिशेब असतो.

तिसरा दरवाजा शिक्षणाच्या पडताळणीचा. पूर्वी दाखला दाखवला की काम होई. आता दाखला खरा आहे की नाही हे देणाऱ्यालाच विचारतात. आखातात नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन म्हणून जाणाऱ्यांचे कागद डेटाफ्लोसारख्या कंपन्या थेट कॉलेजकडे, विद्यापीठाकडे, जुन्या मालकाकडे पाठवून पडताळतात, आणि तिकडच्या आरोग्य खात्याची परवाना-परीक्षा वेगळी द्यावी लागते. दोन वर्षांचा अनुभव तीन वर्षांचा लिहून घेतला तर तोही सापडतो, आणि एकदा खोटा ठरलेला माणूस पुढे खरा दाखला घेऊन गेला तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. कारागिरांनाही हेच लागू झाले आहे. सौदी अरेबियाने २०२१ साली कौशल्य पडताळणीचा कार्यक्रम सुरू केला. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी परीक्षा द्यावी लागते आणि तिची केंद्रे भारतातही आहेत. आय. टी. आय. मध्ये नीट शिकलेल्या मुलाला याची भीती नाही. उलट "मला काम येते" हे सिद्ध करावयास त्याला ही चांगली संधी आहे.

जहाजावरचे तेच. प्रत्येक दर्यावर्दी माणसाला इंडॉस क्रमांक असतो आणि त्यावरून त्याचे दाखले तपासता येतात. प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हेही डी. जी. शिपिंगच्या यादीत पाहता येते. "सीडीसी काढून देतो, जहाजावर चढवून देतो" म्हणून लाखो रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याने करावयाचा.

डॉक्टर होण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांविषयीही पालक विचारतात. तिकडची पदवी घेऊन आल्यावर इथे दवाखाना थाटता येत नाही. आधी परीक्षा द्यावी लागते. २००२ पासून ती परीक्षा आहे. ३०० प्रश्न, त्यांतले १५० बरोबर यावे लागतात, आणि अनेक खेपांना उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० च्या आसपासच राहिले आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार शिक्षण किमान ५४ महिन्यांचे, इंग्रजी माध्यमातून, शिवाय तिथे १२ महिने व इथे १२ महिने उमेदवारी हवी. नीट परीक्षा उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे. जमीन विकण्यापूर्वी त्या कॉलेजचा अभ्यासक्रम या अटींत बसतो का, हे लेखी विचारा. एजंटच्या तोंडी हमीला किंमत नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकावयास लहान वाटेल, पण जिच्यामुळे आपल्या समाजाची मुले सर्वांत जास्त हेलपाटे घालतात. ती म्हणजे नाव. शाळेच्या रजिस्टरात मोहम्मद, दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याचे संक्षिप्त रूप, आधारवर तिसरेच स्पेलिंग आणि पासपोर्टवर आडनाव गायब. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे शेवटी. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आणखी भर पडते. घरात सर्वांना माहीत असते की माणूस एकच आहे. पण परदेशातल्या कचेरीत बसलेल्या कारकुनाला तीन कागदांवर तीन माणसे दिसतात. मूल शाळेत आहे तोपर्यंत पुराव्यासह अर्ज करून दुरुस्ती मागता येते. शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होते. आज घरी गेल्यावर जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून पाहा. अक्षरन् अक्षर जुळते का ते मुलालाच तपासू द्या. जन्मतारीखही पाहा.

एजंटच्या फीविषयी शेवटचा प्रश्न येतो. १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटलाच परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवता येतात. त्याचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येतो. त्याच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे. पावती देत नाही तो एजंट नव्हे. मेडिकल होण्यापूर्वी पूर्ण रक्कम मागतो त्याच्याजवळ क्षणभरही बसू नका.

मित्रहो, या सगळ्याचा अर्थ असा नव्हे की आपल्या मुलांनी भिऊन घरी बसावे. आपल्या वाडवडिलांनी शिडाच्या गलबतांपासून आगबोटींपर्यंत समुद्र पाहिला. त्यांना कागद वाचता येत नव्हते म्हणून त्यांना फसवले गेले. आपल्याला वाचता येते. मग आपणही तसेच फसलो तर शाळा काढून उपयोग काय?

मी संस्थेला दोन विनंत्या करतो. दरवर्षी नववीच्या सर्व विद्यार्थ्यांची दृष्टी, रंग, रक्तदाब आणि दात यांची तपासणी शाळेतच व्हावी. आमचे काही डॉक्टर मित्र विनामूल्य येण्यास तयार आहेत, मी तर येईनच. दुसरी, दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी प्रत्येक पालकाला बोलावून नावाचे स्पेलिंग ताडून घ्यावे.

जाता जाता, इशिहाराचे एक पुस्तक मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. २००७ साली ते माझ्या टेबलावर असावयास हवे होते. ते ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे, कारण त्याचे रंग उडतात, आणि दिवसाच्या चांगल्या उजेडात वापरावे. एखादा मुलगा त्यात अडला तर त्याला हसू नये. त्याला बाजूला बोलावून सांगावे, "बाबा, ही एक वाट तुझी नाही, चल, दुसरी शोधू." त्याच्या आईच्या हातात बांगड्या असतानाच हे सांगितले गेले, म्हणजे माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.